सिंधूचं जातं

डोंबिवलीतल्या एका शाळेचा हॉल. रात्रीचे साडेआठ. बाकं भिंतीला सरकवून तालीम चाललीय आणि तुम्ही कोपऱ्यात वही उघडून बसल्या आहात. पानावर वर लिहिलंय 'प्रॉपर्टी'. पाळणा मिळाला. कंदील मिळाला. बाटली आणि पेला पहिल्याच दिवशी मिळाले. चौथ्या ओळीत 'जातं', पुढे प्रश्नचिन्ह. तुमचा हौशी गट 'एकच प्याला'मधले काही प्रवेश ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये करणार आहे आणि दारूत बुडालेल्या सुधाकरची बायको सिंधू दळते तो प्रवेश त्यात आहे.

"ताई, थर्माकोलचं करून घेऊ ना," दिग्दर्शक म्हणतो. "राखाडी रंग मारला की झालं. लांबून कोणाला कळतंय?"

"कळतं," तुम्ही म्हणता. "थर्माकोल फिरवताना खांदा हलत नाही."

तो क्षणभर तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा सुधाकरच्या स्वगताकडे वळतो. तुम्ही वही चाळत राहता. पुरुष पात्रांपुढे लिहिलेल्या वस्तू नुसत्या हातात धरायच्या आहेत. पेला, काठी, वर्तमानपत्र. बायकांपुढे लिहिलंय ते सगळं काम आहे. मराठी नाटकात बाई बोलू लागते तेव्हा तिचे हात बहुधा कशात तरी गुंतलेले असतात. तांदूळ निवडणं, वाती वळणं, घड्या घालणं. पुरुष बोलतो तेव्हा येरझारा घालतो. हे इतक्या नाटकांत पाहिलंय की बाईच्या तोंडाआधी तिच्या हातांकडे बघायची मला सवयच लागलीय. आज तुम्हीही तसंच बघा. तिच्या हातात नाटककाराने काय दिलंय, आणि कोणाचं दिलंय.

रविवारी सकाळी तुम्ही कल्याणला उतरता. पारनाक्याच्या बाजूला जुनी घरं आता थोडीच राहिलीत. ओळखीतून एका काकूंचा पत्ता मिळालाय. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. जिन्याखाली गोणपाटाने झाकलेलं जातं आहे. खालची तळी, वरची तळी, मधे माकणी, आणि तळवे घासून घासून गुळगुळीत झालेला लाकडी खुंटा.

"सासूबाईंचं," काकू म्हणतात. "त्यांच्याही सासूचं असेल. नेतेस तर ने. पण आधी बस. बसायचं कसं ते तरी शिकून जा."

एक पाय लांब, दुसरा मुडपलेला. उजव्या हातात खुंटा, डाव्या हाताने वैरण. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात सोडायची, पण एकदम सगळी नाही, फेऱ्याला थोडी थोडी. जास्त पडली की पीठ भरड येतं. कमी पडली की दगडावर दगड घासतो आणि आवाज कोरडा होतो. काकूंना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. त्या आवाजावरून सांगतात, "टाक आता. पुरे. टाक."

चार फेऱ्यांत तुमचा खांदा भरून येतो. काकू खाटेवरून बोलत राहतात आणि बोलता बोलता गावातल्या सगळ्यात मोठ्या लेकीवर येतात. याच कल्याणात यमुना जोशी वाढली, नवव्या वर्षी गोपाळरावांशी तिचं लग्न झालं आणि यमुनाची आनंदी झाली. पुढे १८८६ मध्ये तिने पेनसिल्व्हेनियातून डॉक्टरची पदवी घेतली. तिच्या चरित्रांत एक प्रसंग सांगितला जातो. अभ्यासाच्या वेळी ती स्वयंपाकघरात सापडली म्हणून गोपाळरावांनी तिला मारलं. काकूंना या गोष्टीत एकच प्रश्न पडतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. "स्वयंपाक केला म्हणून मार, नाही केला तरी मार. तिला स्वतःला काय करावंसं वाटत होतं, ते कोणी विचारलं का?"

पाचव्या फेऱ्याला घरघर एकसारखी लागते. पिठाचा पहिला ऊबदार वास येतो. तुम्ही डोळे मिटता.

घरघर तीच, फक्त आजूबाजूला माणसं बसल्याची चाहूल. डोळे उघडता तर तुम्ही बडोद्यात आहात, १९१९ च्या फेब्रुवारीत, नाटकगृहात बायकांच्या बाजूला, दाटीवाटीने. गंधर्व नाटक मंडळीचा नवा खेळ आहे. ज्याने तो लिहिला तो माणूस हे पाहायला नाही. राम गणेश गडकरी २३ जानेवारीला सावनेरला गेले, वय अवघं ३३. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिलीत. रंगमंचावर एक बाई ठिगळाच्या लुगड्यात जात्याशी बसलीय, आणि ती बाई म्हणजे तीस वर्षांचे नारायण श्रीपाद राजहंस, बालगंधर्व.

तुम्ही हातांकडे बघा. पुरुषाचे हात आहेत, पण खुंटा वरून धरलाय आणि कोपर अंगापासून सुटं आहे. हे कुठल्या तालमीत शिकवलं नसावं. आईला, काकीला पहाटे दळताना पाहिल्याशिवाय असा हात बसत नाही. शेजारची बाई पदर दातात धरून बघतेय. तिची नजरही तोंडावर नाही, हातांवरच आहे. आज पहाटे तीसुद्धा दळूनच इथे आलीय.

तरीही तिच्या डोळ्यांना पाणी येतं. दळण तर तिचं रोजचंच, मग रडू कशाचं? हा प्रश्न मला बरीच वर्षं अडला होता. उत्तर जात्यात नाही, सुपात आहे. सिंधू जे धान्य दळतेय ते तिच्या घरचं नाही. १९१९ मध्ये घरोघरी बाई दळते, श्रीमंताच्या घरीही. पण वकिलाची बायको लोकांचं दळण दळू लागली की संपूर्ण नाटकगृहाला न सांगता कळतं, या घराचं काय झालंय. 'दळणकांडण करून मुलाला वाढवलं' हे आपल्याकडे विधवेबद्दल बोलायचं वाक्य. सिंधूचं कुंकू शाबूत आहे, नवरा जिवंत आहे आणि तिच्या हातात विधवेचं काम आहे. गडकऱ्यांनी ती गोष्ट खुंट्यावर ठेवली. भाषेवर एवढी हुकमत असलेल्या लेखकाने ही जागा नुसत्या बोलण्यावर सोपवली नाही, यातच त्यांचं मोठेपण मला दिसतं.

जात्याला आणखी एक गोष्ट येते. ते बाईला एकटं बसवतं आणि बोलतं करतं. पहाटेच्या काळोखात सासरचं कोणी ऐकत नसतं तेव्हा ओवीत माहेर येतं, सवत येते, देव येतो, नवऱ्यावरचा राग येतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं स्वगत आपल्या कुठल्याच नाटककाराने लिहिलेलं नाही. रंगमंचावर जातं आलं की हे सगळं त्याच्याबरोबर येतं, प्रेक्षकांत बसलेल्या बायकांच्या कानांतून.

आणि तरी गडकऱ्यांशी माझं एक भांडण आहे. सिंधूचं घर आता तिच्या दळणावर चाललंय, पण नाटकात त्याला कोणी कमाई म्हणत नाही. त्याला त्याग म्हणतात, पातिव्रत्य म्हणतात. ज्या हातांनी तिने घर धरून ठेवलं त्या हातांचं कौतुक होतं, हिशेब होत नाही. शेवटी मरतानाही ती पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवणारीच जबानी देते. शेजारची बाई हुंदका देते. तिला तुम्ही हळूच सांगू शकता की चाळीस वर्षांनी, १५ मार्च १९५९ ला, गिरगावात सात बायका उसने आणलेले ८० रुपये घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसतील आणि त्यातून लिज्जत उभं राहील. लाटणं तेच, पण पैसा त्यांच्या नावावर. तिला ते खरं वाटणार नाही.

तुम्ही मुठीतली वैरण सोडता. दाणे संपलेत. बोटांत आता सुई आहे.

इथे वारा खारा आहे. अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउनमध्ये मासळीच्या धक्क्यावरच्या एका लाकडी शेडमध्ये तुम्ही बसल्या आहात. साल १९१६, महिना ऑगस्ट. सुझन ग्लास्पेल हिचं 'ट्रायफल्स' चाललंय आणि मिसेस हेलच्या भूमिकेत ती स्वतःच आहे. पंधराएक वर्षांपूर्वी आयोवात वार्ताहर असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाच्या बातम्या दिल्या होत्या. संशय बायकोवर होता. नाटक त्यातूनच आलं. पुरुष मंडळी घरभर पुरावा शोधताहेत. दोन शेजारणी स्वयंपाकघरात थांबल्यात, आणि आरोपी बाईची अर्धवट राहिलेली गोधडी त्यांच्या हाती लागते. तिकडची गोधडी आपल्यासारखी जुन्या लुगड्यांच्या थरांची नसते, तुकडे जोडून केलेली असते, पण धावदोरा तिथेही धावदोराच. सगळे टाके नीट, एकसारखे, आणि शेवटच्या तुकड्यावर एकदम वेडेवाकडे. बायका एकमेकींकडे बघतात. ही शिवताना हिचं मन ठिकाणावर नव्हतं. त्यांना ते टाक्यांवरून कळतं. मग मिसेस हेल शांतपणे ते टाके उसवते आणि स्वतः नीट घालू लागते. शिवणाच्या डब्यात मान मुरगळलेला पक्षी सापडतो, तोही त्या लपवतात. पुरुषांनी गोधडीच्या गप्पांवर आधीच हसून घेतलेलं असतं.

हे पाहून तुम्हाला आपल्या घरातली वाकळ आठवल्याशिवाय राहत नाही. आजीचं पातळ, आईची साडी, आत्याचं परकर-पोलकं, सगळं एकावर एक अंथरून कोपऱ्यांवर वरवंटा ठेवून टाचलेलं. कुठला टाका कुठल्या वर्षीचा, कुठे दोरा बदलला, कुठे हात थरथरू लागला, हे घरातली दुसरी बाई बोट फिरवून सांगते. लिहिता न येणाऱ्या कितीतरी बायकांची रोजनिशी आपण अंगावर पांघरून झोपलो आहोत.

पुढची काही दशकं तुम्ही भराभर ओलांडणार आहात, पण आधी थोडं मागे जाता. तिथे इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस', १८७९, लागतं. त्यात नायिका नोराचा नवरा एका बाईला सांगतो की विणकाम करू नका, भरतकाम करा, कारण भरतकाम करताना बाईचा हात सुंदर दिसतो. कामाकडे नाही, काम करणाऱ्या बाईच्या दिसण्याकडे त्याचं लक्ष. मग पुढे, १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहतात, आणि रंगमंचावर बाईच्या कामाला बाईचे हात लाभू लागतात. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'त, नोराचीच छाया असलेल्या नाटकात, ज्योत्स्नाबाईंची भानुमती घराबाहेर पडून अभिनयाचं काम धरते. कमाई या शब्दाला आता संवादात जागा मिळालीय. पण इथे फार थांबू नका. थांबायचं पुढे आहे.

मुंबई, १९६७. 'रंगायन'चा प्रयोग, विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', दिग्दर्शक अरविंद देशपांडे. पडदा उघडतो आणि तुम्ही दचकता, कारण समोर तुमच्याच गटासारखा एक हौशी गट आहे. आडगावातला हॉल, बाहेरून प्रयोगाला आलेली मंडळी, जुन्या खुर्च्या. अगदी डोंबिवलीची तालीम. लीला बेणारे झालेल्या सुलभा देशपांडे गुणगुणत आत येतात आणि तुम्ही सवयीने हात बघता. हातात काम नाही. ही शाळेत शिकवणारी बाई आहे, पगार मिळवते, हात मोकळे ठेवून बोलते, हसते, माणसांना चिडवते. मराठी नाटकातल्या बाईचे इतके मोकळे हात तुम्ही या प्रवासात प्रथमच बघताय.

आणि त्याची शिक्षा तिला मिळते. खोट्या खटल्याचा खेळ म्हणता म्हणता खरा होत जातो. तिच्या पर्समधून निघालेल्या टिक-ट्वेंटीच्या बाटलीची साक्ष भरकोर्टात निघते. आता जरा प्रॉव्हिन्सटाउन आठवा. तिथे शिवणकाम पुरुषांनी क्षुल्लक मानलं आणि शिवणाचा डबा बायकांनी उघडून पुन्हा झाकला. इथे पर्समधलं खासगीपण पुरुष चव्हाट्यावर आणतात. त्या घरात दोन बायका तिसरीच्या बाजूने गप्प राहिल्या. या हॉलमध्ये गटातलीच मिसेस काशीकर बेणारेला स्वतः ओढत नेऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करते. हा प्रवेश पाहताना माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो. पुरुषांच्या आरोपांनी एवढा पडत नाही.

सगळे निघून गेल्यावर, बेणारे कोसळलेली असताना, गावातला सामंत एक हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो. पुतण्यासाठी आणलेलं खेळणं. कोणीतरी कुठेतरी बसून कातरलेलं, शिवलेलं, आत भुसा किंवा कापूस भरलेलं. सगळ्या नाटकात तिच्या वाट्याला आलेलं हाताने केलेलं काम एवढं एकच, आणि तेही बाळाचं. निकाल तिच्या पोटातल्या बाळाच्या विरुद्ध लागलाय आणि तिच्या शेजारी बाळाचं खेळणं पडलंय. तेंडुलकरांनी त्या पोपटाला वाक्य दिलं नाही. गडकऱ्यांनी जात्याला दिलं नव्हतं.

यानंतरचे हात तुम्हाला आठवत असतील. १९९१ च्या 'चारचौघी'त प्रशांत दळवींनी विद्याच्या हातात टेलिफोनचा रिसिव्हर दिला. वंदना गुप्ते यांचा आणि २०२२ नंतर मुक्ता बर्वे यांचा तो फोनवरचा प्रवेश पाहिलेल्या बाईला घरातल्या फोनकडे काही दिवस सहज बघता येत नाही.

पण मला तुम्हाला न्यायचंय 'संगीत देवबाभळी'ला. २०१७, लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख. रंगमंचावर दोनच बाया. शुभांगी सदावर्ते यांची आवली, मानसी जोशी यांची लखुबाई. तुकोबांना भाकरी पोचवायला निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा रुततो, विठ्ठल तो काढतो, आणि ही बाई आहे तरी कोण हे बघायला रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी कामाला राहते. गरोदर आवली, दुखरा पाय, संसार उघडा. आणि साक्षात देवाची बायको घरकामाला वाकलेली.

हातांकडे बघायला शिकलेल्या डोळ्यांना इथे मेजवानी आहे. काम थांबतच नाही, आणि कामाच्या लयीतच दोघींचं बोलणं पुढे जातं. एकीचा नवरा देवापायी घर सोडून डोंगरावर, दुसरीचा देव भक्तांपायी विटेवर. दोघींची तक्रार एकच, आणि ती स्वयंपाकघरात निघते कारण तिथे ऐकणारी दुसरी बाई आहे. सिंधूला जात्याशी एकटीला बसवलं होतं. शंभर वर्षांनी मराठी नाटकाने त्या कामापाशी दुसरी बाई आणून बसवली. देवीला देव्हाऱ्यातून उतरवून घरकामाला लावलं तेव्हा घरकामाचा मान वाढला, देवीचा कमी झाला नाही. जात्यावरच्या बायांना हे माहीत होतं. त्यांच्या ओव्यांत विठू दळू लागतो, जनीबरोबर खुंटा धरतो.

तुमच्या तळव्याला पुन्हा लाकूड लागतं. ठाणे, गडकरी रंगायतन. मासुंदा तलावाच्या काठी १९७८ पासून उभी असलेली, गडकऱ्यांचंच नाव असलेली वास्तू. टेंपोतून आणलेलं जातं चौघांनी विंगेत ठेवलंय. थर्माकोलचा विषय दिग्दर्शकाने नंतर काढला नाही. सिंधू करणारी मुलगी बँकेत नोकरीला आहे. महिनाभर रोज संध्याकाळी तिने खुंटा ओढलाय. दोन फोड येऊन फुटले, आता तिथे घट्टा आहे.

"ताई, सुधाकर आला की हात थांबवू का?"

"लगेच नको. तो बोलत असू दे. तुला थांबावंसं वाटेल तेव्हा थांब."

तिसरी घंटा होते. तुम्ही विंगेतून बघता. पहिल्या चार रांगांत बऱ्याच बायका आहेत, काही पंचाहत्तरीच्या पुढच्या. घरघर सुरू होते आणि त्यांच्यापैकी एकीची मान कळत नकळत त्या लयीत हलू लागते. सुधाकर येतो. बोलतो. मुलगी दळतच राहते, त्याच्या वाक्यांखालून दगडाचा आवाज चालू राहतो. त्याचं बोलणं संपायच्या थोडं आधी तिचा हात खुंट्यावर थांबतो. कोणी खोकत नाही. तलावपाळीवरचा हॉर्नसुद्धा क्षणभर आत ऐकू येतो. मग ती पुन्हा वैरण सोडते आणि आवाज सुरू होतो. काम टाकून तिला चालणार नसतं.

प्रयोग संपल्यावर सगळे फोटोत गुंतलेले असताना तुम्ही जात्याभोवतीचं पीठ फडक्याने गोळा करता. वाटीभर निघतं. खरी ज्वारी, खरं पीठ, टाकून कसं देणार? जेवणाच्या रिकाम्या डब्यात भरता.

दहा चाळीसच्या सुमाराची कल्याण लोकल. बायकांच्या डब्यात गर्दी ओसरलीय. समोरच्या बाकावर एक बाई उद्याच्या भाजीसाठी गवार मोडतेय, पिशवी मांडीवर, देठ एका कागदात. दिव्याला गाडी थांबते. तुम्ही डबा उघडून बघता, नुसतं बघायला म्हणून. गवार मोडणारी बाई वाकून पाहते.

"ज्वारी का? बघू."

ती चिमूट उचलते, अंगठ्याने बोटांवर घासते. डोळे बारीक करते. पुन्हा घासते.

"हे गिरणीचं नाही."

"नाही. जात्याचं आहे."

"तेच म्हटलं." ती बोटं झटकत नाही, चिमूट परत डब्यात सोडते. "भरड येतंय. टाकी लावून घ्या जात्याला, दगड गुळगुळीत झालाय."

गाडी सुटते. ती पुन्हा गवारीकडे वळते, मग थांबून विचारते, "दळलं कोणी?"